हेडर म्हणजे लायब्ररी नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पदविका आणि पदवी अभ्यासक्रमांतील संगणक प्रात्यक्षिकांच्या दर्जाविषयी आपल्या दैनिकात गेले काही आठवडे वाचकांची पत्रे येत आहेत. जुने संगणक, अध्यापकांच्या रिकाम्या जागा आणि एकाचे जर्नल दुसऱ्याने उतरवून काढण्याची प्रथा यांविषयी त्यांत बरेच लिहिले गेले आहे आणि त्यातील बहुतेक तक्रारी रास्त आहेत. मला मात्र एका अगदी लहान, एका ओळीएवढ्या गोष्टीविषयी लिहायचे आहे. सी भाषेतील प्रत्येक प्रोग्रॅमच्या डोक्यावर विद्यार्थी एखाद्या हेडर फाइलचे नाव देणारी ‘इन्क्लूड’ची जी ओळ लिहितात, तिचा अर्थ आपल्याकडे वर्षानुवर्षे चुकीचा सांगितला जातो, आणि बाहेरच्या लायब्ररीशी, म्हणजे दुसऱ्यांनी आधीच लिहून ठेवलेल्या तयार कोडच्या संग्रहाशी, आपल्या प्रोग्रॅमचे नाते नेमके कसे जुळते हे त्यामुळे विद्यार्थ्याला शेवटपर्यंत उमगत नाही. मी वीसहून अधिक वर्षे तंत्रनिकेतनात शिकवले, आणि पहिली काही वर्षे हाच चुकीचा अर्थ मीही फळ्यावर लिहून दिला, हे आधीच कबूल करतो.

प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचा परीक्षक म्हणून गेलो, म्हणजे विद्यार्थ्यांच्या भाषेत ‘एक्स्टर्नल’ म्हणून गेलो, की माझा पहिला प्रश्न ठरलेला असे. ही पहिली ओळ काय करते? उत्तरही ठरलेलेच येई: “सर, ती लायब्ररी जोडते.” मग मी विचारी की, पडद्यावर अक्षरे छापणारे प्रिंटएफ हे फंक्शन, म्हणजे नावाने बोलावता येणारा कोडचा तुकडा, प्रत्यक्षात कुठे लिहिलेले आहे? “सर, स्टुडिओ डॉट एच मध्ये.” (एसटीडीआयओ या अक्षरांचा हा ‘स्टुडिओ’ महाराष्ट्रभर सारखाच ऐकू येतो. त्याचे कोणाला वाईट वाटू नये, मला तर तो आवडतो.) त्यावर मी ती फाइल उघडून दाखवायला सांगत असे. साध्या मजकुराची ती फाइल कोणत्याही टेक्स्ट एडिटरमध्ये सहज उघडते. प्रिंटएफ शोधले की एकच ओळ सापडते: फंक्शनचे नाव, कंसात ते काय स्वीकारते, नावाच्या आधी ते काय परत देते, आणि शेवटी अर्धविराम. छापण्याचे काम करणारा कोड त्यात औषधालाही नसतो. विद्यार्थी फाइल वरपासून खालपर्यंत दोनदा चाळे आणि मग माझ्याकडे असा बघे की फाइल मीच बदलून ठेवली असावी.

‘इन्क्लूड’च्या ओळीने आत घेतलेली ही हेडर फाइल म्हणजे कंपायलरला, म्हणजे आपला प्रोग्रॅम यंत्रभाषेत नेणाऱ्या साधनाला, दिलेली आगाऊ वर्दी असते. या नावाचे एक फंक्शन बाहेर कुठेतरी आहे, त्याला अमुक प्रकारची माहिती द्यावी लागते आणि ते तमुक प्रकारचे उत्तर देते, एवढेच ती सांगते. कंपायलर तिच्यावर विश्वास ठेवून आपल्या फाइलचे यंत्रभाषेत रूपांतर करतो आणि जिथे ते फंक्शन बोलावले आहे तिथे त्याच्या नावाची रिकामी जागा सोडतो. ही रिकामी जागा भरण्याचे काम लिंकर नावाचा वेगळा प्रोग्रॅम करतो, आणि त्यासाठी तो आधीच यंत्रभाषेत रूपांतर होऊन पडलेल्या लायब्ररीच्या फाइली धुंडाळतो. घरच्या कार्याला आचारी वाणसामानाची यादी करून देतो, त्यात कोणता तांदूळ आणि किती किलो हेही लिहिलेले असते. पण यादी झाली म्हणजे तांदूळ घरात आला असे कोणी समजत नाही. आपण विद्यार्थ्यांना मात्र यादीलाच तांदूळ म्हणायला शिकवतो.

गंमत अशी की, ज्या टर्बो सी या जुन्या, निळ्या पडद्याच्या साधनावर आपल्या दोन-तीन पिढ्या शिकल्या आणि जे आजही अनेक प्रयोगशाळांत डॉसबॉक्स या जुने डॉस प्रोग्रॅम चालवणाऱ्या साधनाच्या आधाराने चालवले जाते, त्यात हा फरक डोळ्यांसमोर मांडून ठेवलेला आहे. त्याच्या ऑप्शन्स मेनूतील डिरेक्टरीज या खिडकीत या दोहोंसाठी वेगळे रकाने असतात: एक इन्क्लूडच्या फाइलींसाठी, दुसरा लायब्ररीच्या फाइलींसाठी. दोन्ही गोष्टी एकच असत्या तर रकाने दोन कशाला ठेवले असते? प्रोग्रॅम चालवताना क्षणभर जी खिडकी चमकून जाते तिच्यावरही आधी ‘कंपायलिंग’ आणि मग ‘लिंकिंग’ असे लिहिलेले येते, आणि लिंकिंगच्या वेळी सीएस डॉट लिब अशी नावे झरझर सरकतात. ती वाचायला कोणी सांगत नाही, एवढेच.

यातला फरक खरा अंगावर येतो तो ग्राफिक्सच्या प्रात्यक्षिकात. विद्यार्थी ग्राफिक्स डॉट एच इन्क्लूड करतो, वर्तुळ काढण्याचा प्रोग्रॅम बिनचूक टाइप करतो, ऑल्ट आणि एफ-नऊ दाबतो आणि ‘सक्सेस’ असे पाहून खूश होतो. नंतर कंट्रोल आणि एफ-नऊ दाबून प्रोग्रॅम चालवायला जातो, तर इनिटग्राफ (ग्राफिक्स सुरू करणारे फंक्शन) हे चिन्ह सापडत नाही अशी लिंकरची तक्रार येते, आणि तीही नावाच्या आधी एक खालची रेघ लावून. मी तर अशी रेघ लिहिलीच नव्हती, असे म्हणत विद्यार्थी आपला प्रोग्रॅम ओळ न् ओळ तपासतो. रेघ कंपायलरने लावलेली असते. लिंकरच्या व्यवहारात नावे त्या रूपात वावरतात. त्याचा प्रोग्रॅम बरोबर असतो, हेडरही बरोबर असते. फक्त ऑप्शन्स, लिंकर, लायब्ररीज या वाटेने जाऊन ‘ग्राफिक्स लायब्ररी’समोरच्या चौकटीत खूण करायची राहिलेली असते. एका महाविद्यालयात मी पाहिले की, ही खूण कशासाठी हे विचारणाऱ्या मुलीला “ते सेटिंग आहे, करून टाक” असे उत्तर मिळाले. कंपायलरला बाहेरच्या लायब्ररीची वर्दी देणे आणि लिंकरला ती लायब्ररी दाखवणे या दोन कामांतील भेद समजावण्याची इतकी आयती संधी पुन्हा येत नाही, आणि ती ‘सेटिंग’ या एका शब्दात गेली.

वर्गमूळाचे उदाहरण याहून बोलके आहे, कारण त्यात दोन्ही बाजूंनी चूक करून पाहता येते. टर्बो सी मध्ये फाइलचे नाव डॉट सी असे ठेवून मॅथ डॉट एच ची ओळ गाळली, तर प्रोग्रॅम अडत नाही. गणिताची लायब्ररी लिंकरला आपोआप मिळते, प्रोग्रॅम चालतो आणि २५ चे वर्गमूळ म्हणून भलतेच काहीतरी छापतो. वर्दी न मिळाल्यामुळे कंपायलर असे गृहीत धरतो की हे फंक्शन पूर्णांक परत देत असावे, आणि २५ सुद्धा तो पूर्णांक म्हणूनच पुढे ढकलतो, तर पलीकडचे फंक्शन दशांश संख्येची वाट पाहत असते. म्हणजे लायब्ररी होती, वर्दी नव्हती. आता लिनक्सवर जीसीसी हा कंपायलर वापरून उलटे करू. मॅथ डॉट एच ची ओळ व्यवस्थित लिहिली, वापरणाऱ्याकडून संख्या घेतली, तिचे वर्गमूळ काढले आणि नेहमीची आज्ञा दिली, तर लिंकर सांगतो की वर्गमूळाच्या फंक्शनचा पत्ता लागत नाही. इथे वर्दी होती, लायब्ररी नव्हती. लिनक्सवर गणिताची लायब्ररी वेगळी ठेवलेली असल्याने आज्ञेच्या शेवटी ‘वजा एल एम’ लिहून ती मागावी लागते, आणि तेही शेवटीच. फाइलच्या नावाआधी लिहिले तर उबुंटू या लिनक्सच्या वितरणावर पुन्हा तीच तक्रार येते, कारण लिंकर डावीकडून उजवीकडे जातो आणि अजून कोणी न मागितलेली लायब्ररी बाजूला सारतो. चाणाक्ष विद्यार्थ्यासाठी यात आणखी एक वळण आहे. वापरणाऱ्याकडून संख्या न घेता प्रोग्रॅममध्येच २५ लिहून टाकले, तर ‘एल एम’ न देताही उत्तर येते, कारण ते वर्गमूळ कंपायलरनेच काढून ठेवलेले असते आणि लायब्ररीची गरजच उरत नाही. ‘माझ्या मित्राचा चालतो, माझा का चालत नाही’ या लॅबमधील सनातन वादांपैकी निदान एकाचे मूळ इथे आहे.

वर्दी नसलेले फंक्शन पूर्णांक परत देते असे गृहीत धरण्याची ही सवय सी भाषेच्या जुन्या काळातली आहे. १९८९ च्या पहिल्या प्रमाणकाने ती चालू ठेवली, १९९९ च्या प्रमाणकाने ती काढून टाकली, तरी कंपायलर पुढेही केवळ सूचना देऊन असले प्रोग्रॅम स्वीकारत राहिले. मे २०२४ मध्ये जीसीसीची चौदावी आवृत्ती आली तेव्हा कुठे जाहीर न केलेले फंक्शन वापरणे ही मुळातच चूक ठरली. मधली पंचवीस वर्षे हा दोष अनेक प्रोग्रॅमांत लपून राहिला, आणि यंत्रे ३२ बिटांवरून ६४ बिटांवर गेली तेव्हा त्याचे नवेच रूप दिसले: स्मृतीतील पत्ता परत देणारे एखादे फंक्शन वर्दीशिवाय वापरले की त्या पत्त्याचा अर्धाच भाग हाती येई. आपल्या अभ्यासक्रमात या इतिहासाचा मागमूस नाही, आणि टर्बो सी तर त्या बदलांच्याही आधीचे.

वर्दी खरी आहे की नाही, हे सी मध्ये कोणीच तपासत नाही, हा मुद्दा मी पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांनाही नवा वाटताना पाहिला आहे. लिंकर फक्त नाव जुळवतो. हेडर एका आवृत्तीचे आणि लायब्ररी दुसऱ्या आवृत्तीची असली, आणि मधल्या काळात एखाद्या स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे माहितीच्या अनेक रकान्यांच्या गठ्ठ्यात, एक रकाना वाढलेला असला, तर कंपायलर खूश, लिंकर खूश, आणि प्रोग्रॅम चालताना मात्र शेजारच्या स्मृतीत हात घालतो. सी प्लस प्लसमध्ये फंक्शनच्या नावातच त्याला लागणाऱ्या माहितीचे प्रकार गुंफले जातात, त्यामुळे काही विसंगती लिंकरच्या पातळीवर तरी पकडल्या जातात. स्ट्रक्चरमधील वाढलेला रकाना मात्र तिथेही निसटतो.

जावा शिकवताना आपण हीच चूक नव्या पोशाखात पुन्हा करतो. ‘इम्पोर्ट’ची ओळ पॅकेज आत आणते, असे नोट्समध्ये असते. ती काहीच आणत नाही. लांबलचक नाव दरवेळी लिहावे लागू नये एवढीच तिची सोय. वर्ग (क्लास) प्रत्यक्षात कुठे आहेत ते क्लासपाथ, म्हणजे ते शोधण्याच्या ठिकाणांची यादी, सांगतो. मायएसक्यूएल या डेटाबेसला जोडणी करण्याचे प्रात्यक्षिक ज्यांनी केले आहे त्यांना ‘क्लास नॉट फाउंड’ हे शब्द स्वप्नातही दिसत असतील. तिथे डेटाबेसशी बोलणाऱ्या ड्रायव्हर नावाच्या लायब्ररीचे नाव अवतरणचिन्हांत लिहिलेले असते, आणि अवतरणातल्या मजकुराशी कंपायलरला काही देणेघेणे नसते, म्हणून ती लायब्ररी ज्यात असते ती जार फाइल जागेवर नसतानाही प्रोग्रॅम निमूट कंपाइल होतो आणि चालवताना कोसळतो. बाहेरच्या लायब्ररीविषयी कंपायलरला काय सांगितले आणि काय सांगितलेच नाही, याचा विचार करायला शिकलेला विद्यार्थी हा संदेश वाचून जार फाइल शोधायला जाईल. बाकीचे तारीख टाकून जर्नलवर सही मागायला येतात.

हे केवळ परीक्षेपुरते असते तर एवढे लांब पत्र लिहिले नसते. डिसेंबर २०२१ मध्ये जावाच्या लॉगफोरजे या लायब्ररीतील मोठे भगदाड उघड झाले तेव्हा माझा एक माजी विद्यार्थी एका कंपनीत होता. आपल्या उत्पादनात ही लायब्ररी आहे का, असे ग्राहकांनी विचारल्यावर त्याच्या गटाने सारा स्रोत धुंडाळून इम्पोर्टच्या ओळी तपासल्या, तिचे नाव कुठेच आढळले नाही, आणि ‘नाही’ असे कळवून टाकले. दोन दिवसांनी कळले की ती होती. त्यांनी घेतलेल्या दुसऱ्या एका लायब्ररीला ती लागत होती, आणि तिच्या पाठोपाठ ती बांधणीत येऊन बसली होती. ज्या मुलाला पहिल्या सत्रात ‘ही ओळ लायब्ररी जोडते’ असे सांगितले गेले, तो ओळ नाही म्हणजे लायब्ररी नाही असेच समजणार. ते वाक्य त्याला शिकवणारा मीच होतो की माझ्यानंतरचा कोणी, हे मी त्याला विचारले नाही.

मार्च २०२४ मधील एक्सझेड प्रकरणाने हाच धडा अधिक भेदक रीतीने दिला. दाबून लहान केलेल्या फाइली हाताळणाऱ्या या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरवाट घुसवली होती, आणि तिचा रोख दूरच्या संगणकावर प्रवेश देणाऱ्या एसएसएच सर्व्हरवर होता. त्या सर्व्हरचा प्रोग्रॅम असलेल्या ओपनएसएसएचच्या मूळ स्रोतात या लायब्ररीचा उल्लेखही नाही. पण डेबियन, फेडोरा यांसारख्या काही वितरणांनी आपल्या सोयीसाठी त्याला सिस्टमडी या संगणकातील सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेची लायब्ररी जोडली होती, आणि तिला एक्सझेडची लायब्ररी लागत होती. न बोलावलेला पाहुणा निमंत्रिताच्या गाडीत बसून आला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे हे खटकले, त्याने मूळ शोधले आणि २९ मार्चला ते जाहीर केले, म्हणून बचावलो. स्रोतातील ओळी वाचून हे कळण्याजोगे नव्हतेच. बांधून तयार झालेला प्रोग्रॅम कोणकोणत्या लायब्ररी सोबत घेऊन उठतो, हे पाहावे लागते.

नव्या भाषांनी यातून काही शहाणपण घेतले आहे. रस्ट भाषेत पूर्वी बाहेरच्या प्रत्येक लायब्ररीसाठी स्रोतात ‘एक्स्टर्न क्रेट’ अशी ओळ लिहावी लागे. कार्गो या रस्टच्या बांधणीच्या साधनाच्या यादीत लायब्ररीचे नाव आणि आवृत्ती एकदा नोंदली की कार्गोच कंपायलरला तिचा पत्ता हातात देतो, त्यामुळे २०१८ च्या आवृत्तीपासून ती ओळ बहुतेक ठिकाणी अनावश्यक ठरली, आणि अप्रत्यक्षपणे आलेल्या लायब्ररींसकट सगळ्यांची नेमकी नोंद लॉक फाइलमध्ये राहते. भारतात सर्ट-इन या सरकारी संस्थेनेही ऑक्टोबर २०२४ मध्ये सॉफ्टवेअरच्या घटकांची यादी, म्हणजे ‘सॉफ्टवेअर बिल ऑफ मटेरियल्स’, ठेवण्याविषयी तांत्रिक मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. आज ना उद्या ही यादी तयार करण्याचे काम आपल्याच मुलांच्या टेबलावर येणार आहे.

पहिल्या सत्रातील मुलांवर हा भार कशाला, असे माझे काही सहकारी म्हणतात. त्यांना पडद्यावर आपले नाव छापून आले की आनंद होतो, तो कशाला हिरावून घ्यायचा? हा आक्षेप मला पूर्णपणे अमान्य नाही. पहिल्या दिवशी ‘ही ओळ सध्या अशीच लिहा, हिचा अर्थ पुढच्या आठवड्यात पाहू’ असे सांगणे प्रामाणिक आहे. पण ‘ही ओळ लायब्ररी जोडते’ हे सोपे करून सांगणे नव्हे, ते चुकीचे सांगणे आहे, आणि पुढचा आठवडा तीन वर्षांत उजाडत नाही, असा माझा अनुभव आहे. टर्बो सी एका दिवसात बंद करा असेही माझे म्हणणे नाही, जरी जीसीसी फुकट मिळतो आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात त्याचे धडे मराठीतूनही उपलब्ध आहेत. साधन कोणतेही असो, संदेश वाचायला शिकवले पाहिजे.

म्हणून अभ्यास मंडळांवरील प्राध्यापकांना आणि नोट्स छापणाऱ्या प्रकाशकांना माझी विनंती आहे. छापील नोट्समधील ‘हेडर फाइल प्रोग्रॅमला लायब्ररी जोडते’ हे वाक्य पुढच्या आवृत्तीत काढावे आणि त्या जागी ‘हेडर फाइल बाहेरच्या फंक्शनची माहिती कंपायलरला देते, लायब्ररी लिंकर जोडतो’ असे लिहावे. पहिल्या चार प्रात्यक्षिकांपैकी एक मुद्दाम मोडलेल्या प्रोग्रॅमचे ठेवावे: विद्यार्थ्याने वर्गमूळाचा प्रोग्रॅम एकदा हेडरची ओळ काढून आणि एकदा ‘एल एम’ न देता बांधावा, दोन्ही वेळचे संदेश स्वतःच्या हाताने जर्नलमध्ये उतरवावेत, कोणता कंपायलरचा आणि कोणता लिंकरचा ते समोर लिहावे, आणि तिसऱ्या वेळी नीट बांधलेल्या प्रोग्रॅमवर ‘एलडीडी’ ही आज्ञा चालवून तो कोणत्या लायब्ररी मागतो ते नोंदवावे. एका तासिकेचे काम आहे. त्या वर्षी तोंडी परीक्षेला येणाऱ्या बाहेरच्या परीक्षकाने पहिल्या ओळीचा अर्थ विचारला, तर निदान त्या एका बाकावरचे उत्तर वेगळे येईल. आणि परीक्षकाला ते चुकीचे वाटून त्याने गुण कापले, तर विद्यार्थ्याला फाइल उघडून दाखवण्याची मुभा असावी.

आपला,
संगणकशास्त्राचा एक निवृत्त अधिव्याख्याता,
सांगली